उदाहरण चालत नाही, तेव्हा दुरुस्त काय करायचं?

पायथन शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो. लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन उघडलं, त्यातला सहा ओळींचा कोड जसाच्या तसा उतरवला, चालवला आणि पडद्यावर एरर आला. कंस मोजले, स्वल्पविराम तपासले, पुन्हा टाइप केलं. पुन्हा तोच एरर. नवशिका माणूस यातून एकच निष्कर्ष काढतो, की हे आपल्याला जमणारं नाही. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकठिकाणच्या प्रेक्षकांकडून मला जे प्रश्न येतात, त्यातल्या बऱ्याच प्रश्नांच्या मुळाशी हीच गोष्ट असते. विचारणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. उदाहरण जुनं झालेलं असतं.

तर आज आपण दोन गोष्टी बघू. ही उदाहरणं जुनी का होतात, आणि ती नीट दुरुस्त कशी करायची. या कामासाठी लायब्ररीचा लेखक असावं लागत नाही, संगणकशास्त्राची पदवीही लागत नाही. लागते ती चिकाटी आणि नोंदी ठेवायची सवय. माझ्यासारख्या निवृत्त फौजी माणसाला हे काम आवडतं, ते त्यामुळेच.

एक सूचना आधीच देतो. व्हिडिओत कोड पडद्यावर दिसत होता. पुस्तकात आज्ञांची नावं देवनागरीत छापली आहेत. संगणकावर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

जुनं पंचांग खोटं नसतं

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला, आपल्याला वापरता येणारा तयार कोड. तुमचा प्रोग्राम ज्या लायब्ऱ्यांवर अवलंबून असतो, त्या त्याच्या डिपेंडन्सी. त्या लायब्ऱ्या पुन्हा दुसऱ्या लायब्ऱ्यांवर अवलंबून असतात. या प्रत्येकीची आवृत्ती वेगळी, आणि प्रत्येक जण आपापल्या गतीने बदलत असतो.

आवृत्तीचा क्रमांक बहुधा तीन आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ २.१.४. संकेत असा, की शेवटचा आकडा वाढला तर फक्त दोष दुरुस्त झाले. मधला वाढला तर नव्या सोयी आल्या, पण जुना कोड चालायला हवा. पहिला आकडा वाढला, की जुना कोड मोडू शकतो. हा संकेत पुष्कळ लायब्ऱ्या पाळतात, पण सगळ्या काटेकोरपणे पाळत नाहीत. नमपायच्या १.२४ या आवृत्तीत, म्हणजे मधला आकडा बदलताना, ‘एनपी डॉट फ्लोट’, ‘एनपी डॉट इंट’ ही वर्षानुवर्षं वापरात असलेली नावं काढून टाकली गेली. ती जाणार असल्याची सूचना १.२० पासून मिळत होती, ही गोष्ट खरी. पण जुन्या पाठांमधल्या उदाहरणांना ती सूचना कोण वाचून दाखवणार?

आता २०१९ सालचं पंचांग घेऊन कोणी आज मुहूर्त काढायला बसलं, तर पंचांगाला खोटं म्हणता येत नाही. ते त्या वर्षासाठी बरोबरच आहे. डॉक्युमेंटेशनचंही तसंच असतं. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की मी वाचतोय ते पान कोणत्या आवृत्तीचं आहे? मोठ्या लायब्ऱ्यांच्या डॉक्समध्ये आवृत्ती निवडायची सोय असते. तुम्ही जुन्या आवृत्तीचं पान वाचत असाल आणि त्या आवृत्तीत ते उदाहरण चालत असेल, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. नव्या आवृत्तीचं पान उघडा, काम झालं. चालू आवृत्तीच्या पानावर जुनं उदाहरण उरलं असेल, तरच ती चूक. चेंजलॉगमधल्या जुन्या नोंदींना तर कधीच हात लावायचा नाही. तो इतिहास आहे.

एका ओळीची गोष्ट

पांडाज ही तक्त्यांच्या स्वरूपातली माहिती हाताळणारी लायब्ररी. तिच्यातला तक्ता म्हणजे डेटाफ्रेम. या तक्त्याला नवी ओळ जोडण्यासाठी ‘डीएफ डॉट अपेंड’ असं लिहीत. शेकडो पाठांमध्ये, पुस्तकांमध्ये, कॉलेजच्या नोट्समध्ये ही ओळ आहे. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या १.४.० या आवृत्तीत पांडाजने जाहीर केलं, की ही पद्धत बंद होणार. कोड चालायचा, पण सोबत इशारा छापला जायचा. एप्रिल २०२३ मध्ये २.०.० आली आणि अपेंड गेलं. आता ती ओळ चालवली, की डेटाफ्रेमला अपेंड नावाचा गुणधर्मच नाही, अशा अर्थाचा एरर मिळतो.

का काढलं? कारण समजलं तरच दुरुस्ती बरोबर होईल. पायथनच्या साध्या यादीला, म्हणजे लिस्टला, अपेंड केलं की ती यादी जागेवरच वाढते. डेटाफ्रेमचं अपेंड मात्र मूळ तक्त्याला हात न लावता दरवेळी पूर्ण नवा तक्ता बनवून परत द्यायचं. नाव तेच, वागणूक वेगळी, त्यामुळे लोक फसत. शिवाय लूपमध्ये एकेक ओळ अपेंड केली, तर प्रत्येक फेरीला आधीचा सगळा तक्ता पुन्हा उतरवला जायचा. हजार ओळींचा तक्ता असा बनवायचा म्हणजे पहिल्या फेरीला एक ओळ, दुसऱ्या फेरीला दोन, असं करत एकूण सुमारे पाच लाख ओळींची उतरवाउतरवी.

आता दुरुस्ती. ‘अपेंड काढा, कॉन्कॅट घाला’ एवढं ऐकून बरेच जण कामाला लागतात. पण ‘पीडी डॉट कॉन्कॅट’ला तक्त्यांची यादी द्यावी लागते, म्हणजे जुना आणि नवा तक्ता चौकटी कंसात. जोडायची ओळ नुसती डिक्शनरी असेल, तर आधी तिचा एका ओळीचा डेटाफ्रेम करावा लागतो. आणि मुख्य म्हणजे लूपमधल्या अपेंडच्या जागी लूपमध्येच कॉन्कॅट बसवलं, तर एरर जातो, पण उतरवाउतरवी तशीच राहते. बरोबर दुरुस्ती अशी, की लूपमध्ये ओळी साध्या यादीत गोळा करायच्या आणि लूप संपल्यावर त्या यादीचा एकदाच डेटाफ्रेम करायचा. उदाहरणातून शिकणारा विद्यार्थी तीच सवय पुढे नेतो. आपण नुसता एरर घालवला, तर त्याला वाईट सवय चालू आवृत्तीत आणून दिली, एवढंच होतं.

या दुरुस्तीचा आणखी एक गुण आहे. कॉन्कॅट पांडाजच्या जुन्या आवृत्त्यांमध्येही होतंच. म्हणजे दुरुस्त केलेलं उदाहरण १.४ वरही चालतं आणि २.० वरही. असा दोन्हीकडे चालणारा पर्याय मिळत असेल तर तोच घ्यावा. सगळ्यांचे संगणक एकाच दिवशी अद्ययावत होत नसतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तर मुळीच नाही.

एरर न देणारी चूक

एरर देणारं उदाहरण निदान प्रामाणिक असतं. ते थांबतं आणि सांगतं, की माझ्यात बिघाड आहे. जास्त धोकादायक उदाहरण ते, जे बिनबोभाट चालतं आणि वेगळं उत्तर देतं.

सगळ्यात साधा नमुना पायथनचाच. पायथन २ मध्ये ५ भागिले २ याचं उत्तर २ येत असे. पायथन ३ मध्ये तेच २.५ येतं. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. मधली अकरा वर्षं दोन्ही शेजारीशेजारी नांदली. त्या काळात लिहिलेल्या पाठांमध्ये प्रिंटची आज्ञा बिनकंसाची असेल तर ती पायथन ३ वर अडकते, लगेच कळते. भागाकार मात्र अडकत नाही. सरासरी काढणारा कोड चालतो, आणि अपूर्णांक कुठून आला हे समजायला वेळ जातो. पूर्णांकच हवा असेल, तर दोन तिरक्या रेघांचा भागाकार वापरायचा, हे उदाहरणात लिहायलाच हवं.

दुसरा नमुना सायकिट-लर्न या लायब्ररीचा. तिच्यातल्या रँडम फॉरेस्ट या पद्धतीत, तुम्ही काही सांगितलं नाही, तर पूर्वी दहा झाडं बांधली जात. ०.२२ या आवृत्तीपासून ती शंभर झाली. कोडची एक ओळही बदललेली नाही, एरर नाही, पण डॉक्समध्ये छापलेला निकाल आणि तुमच्या पडद्यावरचा निकाल जुळत नाही. अशा ठिकाणी दुरुस्ती कोडमध्ये करायची नसते. खाली छापलेलं उत्तर पुन्हा काढून बदलायचं असतं. उदाहरण तपासायचं म्हणजे ते चाललं का, आणि छापलेलं उत्तर आलं का, असे दोन्ही प्रश्न विचारायचे.

घाईच्या दुरुस्तीतूनही अशी चूक घुसते. मघाशी सांगितलेलं ‘एनपी डॉट फ्लोट’ घ्या. ते पायथनच्या साध्या फ्लोटचंच दुसरं नाव होतं. त्यामुळे त्याच्या जागी नुसतं ‘फ्लोट’ लिहिणं ही बरोबर दुरुस्ती. पण एरर घालवायच्या नादात कोणी ‘फ्लोट ३२’ लिहिलं, तर कोड चालेल आणि अचूकता साधारण पंधरा अंकांवरून सात अंकांवर येईल.

आवृत्तीचा आकडा कसा लिहायचा

आता उदाहरणाच्या वरची ओळ बघू, म्हणजे कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती बसवा हे सांगणारी. इथे तीन चिन्हं नीट ओळखून ठेवा. ‘==२.१.४’ म्हणजे नेमकी हीच आवृत्ती. ‘>=२.१’ म्हणजे ही किंवा हिच्यानंतरची कोणतीही. आणि ‘~=’ म्हणजे सुसंगत आवृत्ती. या तिसऱ्यात एक खोच आहे. ‘~=२.१’ लिहिलं तर २.१ पासून ३ च्या आधीपर्यंत सगळं चालतं. ‘~=२.१.०’ लिहिलं तर फक्त २.१ च्या मालिकेतलंच चालतं. एका शून्याने एवढा फरक पडतो.

शिकवण्याच्या पाठात नेमकी आवृत्ती बांधून द्यावी, म्हणजे सगळ्यांना एकच उत्तर मिळेल. लायब्ररीच्या स्वतःच्या सूचनांमध्ये मात्र कमीत कमी कोणती आवृत्ती हवी हे सांगावं. तिथे नेमकी आवृत्ती बांधली, की ती डिपेंडन्सी दुसऱ्या लायब्ररीच्या गरजेशी भांडते.

नावही तपासा. आपण कोडमध्ये जे नाव आयात करतो, त्याच नावाने ती लायब्ररी बसवता येते असं नाही. कोडमध्ये ‘एसकेलर्न’, पण बसवताना ‘सायकिट-लर्न’. कोडमध्ये ‘सीव्ही२’, बसवताना ‘ओपनसीव्ही-पायथन’. कोडमध्ये ‘पीआयएल’, बसवताना ‘पिलो’. चुकीच्या नावाने बसवायची ओळ डॉक्समध्ये राहिली, तर एक तर काहीच बसत नाही, किंवा त्या मिळत्याजुळत्या नावाने कोणी मुद्दाम ठेवलेली दुष्ट लायब्ररी आपल्या हाताने आपण घरात आणतो.

आकड्याचं गांभीर्य पटवायला डिसेंबर २०२१ ची घटना पुरेशी आहे. लॉगफोरजे ही जावामधली लायब्ररी, प्रोग्रामच्या नोंदी लिहिण्यासाठी जगभर वापरली जाणारी. तिच्यात असा दोष सापडला, की हल्लेखोराने पाठवलेला विशिष्ट मजकूर नुसता नोंदला गेला, तरी बाहेरचा कोड सर्व्हरवर चालवता येत होता. २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्यात होत्या. २.१५.० आली, पण ती दुरुस्ती अपुरी ठरली. मग २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१, हे सगळं त्याच महिन्यात. ज्या ज्या मार्गदर्शिकेत २.१४.१ हा आकडा छापलेला होता, ती त्या क्षणी धोकादायक झाली. १५ लिहून कोणी थांबलं असेल, तर तीही पुरेशी नव्हती.

यातला पुढचा भाग जास्त शिकवणारा आहे. २.१७.१ ला जावा ८ लागत होतं. जावा ७ वर अडकलेल्यांसाठी २.१२.४ आणि जावा ६ वाल्यांसाठी २.३.२ अशा वेगळ्या दुरुस्त आवृत्त्या काढाव्या लागल्या. म्हणजे आकडा ‘नवा’ केला एवढ्याने भागत नाही. त्या आकड्याबरोबर खाली काय लागतं, हेही डॉक्समध्ये बदलावं लागतं.

दुरुस्तीची पद्धत

फौजेत मॅन्युअलच्या सुरुवातीला दुरुस्त्यांचा एक तक्ता असे. दुरुस्ती क्रमांक, तारीख, कोणी केली, सही. वरून दुरुस्तीची चिठ्ठी आली, की ती त्या परिच्छेदावर चिकटवायची आणि तक्त्यात नोंद करायची. तक्ता पाहिला, की हातातलं पुस्तक कुठपर्यंत अद्ययावत आहे हे कळे. सॉफ्टवेअरमध्ये गिट हे काम आपोआप करतं. पण चिठ्ठीवर काय लिहायचं, ते माणसालाच ठरवावं लागतं. मी वापरतो तो क्रम सांगतो.

पहिलं, कोरी जागा तयार करा. तुमच्या संगणकावर आधीच पन्नास लायब्ऱ्या बसलेल्या असतात. त्यांच्या गर्दीत उदाहरण चाललं किंवा अडलं, यावरून काही सिद्ध होत नाही. पायथनमधल्या ‘व्हेन्व’ने नवी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा आणि डॉक्समध्ये जे सांगितलंय तेवढंच, त्याच क्रमाने बसवा.

दुसरं, उदाहरण जसंच्या तसं चालवा. आपल्या मनाने काही सुधारू नका. एररचा पूर्ण मजकूर जपून ठेवा. पायथनची आवृत्ती, लायब्ररीची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम लिहून ठेवा.

तिसरं, कारण शोधा. रिलीज नोट्स आणि चेंजलॉग वाचा. कोणत्या आवृत्तीत काय बदललं, आणि लेखकांनी स्वतः कोणता पर्याय सुचवलाय, ते बहुतेक वेळा तिथे लिहिलेलं असतं. पर्याय स्वतः शोधण्यापेक्षा त्यांनी सांगितलेला घ्यावा.

चौथं, लागेल तेवढाच बदल करा. उदाहरणात चलांची नावं तुम्हाला आवडली नाहीत, इंग्रजी खटकलं, रचना वेगळी हवी वाटली, ते सगळं बाजूला ठेवा. एका दुरुस्तीत एकच गोष्ट, म्हणजे तपासणाऱ्याचं काम दोन मिनिटांत होतं.

पाचवं, लायब्ररी ज्या सगळ्यात जुन्या आवृत्तीला आधार देते तिच्यावर आणि सगळ्यात नव्या आवृत्तीवर, दोन्हीकडे चालवून पाहा. छापलेलं उत्तर जुळवा.

सहावं, तीच ओळ आणखी कुठे आहे ते शोधा. रीडमी, सुरुवातीचा पाठ, फंक्शनच्या आत लिहिलेलं वर्णन, नमुना प्रकल्पाची रिक्वायरमेंट्स फाइल. एका ठिकाणी दुरुस्त आणि तीन ठिकाणी जुनं राहिलं, तर वाचकाचा गोंधळ आधीपेक्षा वाढतो.

सातवं, दुरुस्ती पाठवा. गिटहबवर लहान बदल ब्राउझरमधूनच करता येतो. पानावरच्या पेन्सिलच्या खुणेवर टिचकी मारायची, बदल करायचा, पुल रिक्वेस्ट पाठवायची. सोबत चार वाक्यं पुरतात. कोणत्या आवृत्तीवर काय अडलं, कोणत्या आवृत्तीतल्या बदलामुळे अडलं, मी काय बदललं, कशाकशावर चालवून पाहिलं. इंग्रजी अलंकारिक असायची गरज नाही, साधी चार वाक्यं नेमकी असली की झालं. पाहिलेली गोष्ट आणि वाटलेली गोष्ट वेगवेगळी लिहा. ‘हे चालत नाही’ याला अर्थ नाही. ‘पांडाज २.०.० वर हा एरर येतो, १.५.३ वर येत नाही’ याला आहे.

उत्तर यायला वेळ लागू शकतो. या लायब्ऱ्या सांभाळणारे पुष्कळ लोक आपली नोकरी करून उरलेल्या वेळात हे काम करतात. त्यांनी शंका विचारली तर उत्तर द्या, नाकारलं तर कारण वाचा. कधी ते उदाहरण त्यांनी मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

पुन्हा जुनं होऊ नये म्हणून

उदाहरणं यंत्राकडून तपासून घ्यायची सोयही आहे. पायथनसोबतच ‘डॉक्टेस्ट’ नावाचं साधन मिळतं. ते वर्णनातली उदाहरणं चालवतं आणि छापलेल्या उत्तराशी ताडून पाहतं. रस्ट भाषेत ‘कार्गो टेस्ट’ दिलं, की लायब्ररीच्या डॉक्समधली उदाहरणंही चाचण्यांबरोबर चालवली जातात. अशी तपासणी बसवलेल्या प्रकल्पात उदाहरण मोडलं, की ते वाचकाच्या आधी लेखकाला कळतं. पण व्हिडिओतला कोड, पीडीएफमधला कोड, शिकवणीच्या झेरॉक्समधला कोड यांना असा पहारेकरी नसतो. तिथे तुमचे-माझे डोळेच कामाला येतात.

हल्ली कोणी म्हणतं, आता डॉक्स वाचतं कोण, एआयला विचारलं की झालं. पण एआय शिकतं ते लोकांनी लिहिलेल्या मजकुरावरूनच. जुनी उदाहरणं जगात जास्त असतील, तर तेही जुनंच सुचवू शकतं. स्वच्छ, आवृत्ती लिहिलेलं, चालवून पाहिलेलं उदाहरण आज दुप्पट उपयोगाचं आहे.

म्हणून या भागाचा गृहपाठ असा. तुम्ही रोज वापरता त्या एखाद्या लायब्ररीचं सुरुवातीचं पान घ्या. कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये त्यातलं प्रत्येक उदाहरण चालवा. सगळी चालली, तर छान. तारीख आणि आवृत्ती वहीत लिहून ठेवा. एखादं अडलं, तर वर सांगितलेल्या सात पायऱ्या करा. आणि तुम्ही शिकवत असाल, तर तुमच्या नोट्सच्या पहिल्या ओळीत आजच लिहा, की हा कोड अमुक आवृत्तीवर, अमुक तारखेला चालवून पाहिला आहे. पाच वर्षांनी कुठल्यातरी गावात ती नोट हातात घेऊन बसलेल्या पोराला निदान एवढं तरी कळेल, की अडलंय ते कुठे. पुढच्या भागात रिक्वायरमेंट्स फाइल आणि लॉक फाइल यांतला फरक बघू. भेटूच.